भंगारातलं विमान परत उभं करतात म्हणजे नेमकं काय करतात?

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये वायुसेनेनं मिग-२१ ला निरोप दिला आणि त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या आर्वी-पुलगावकडच्या ग्रुपांवर दुसरं काही चाललंच नाही. १९६३ मध्ये आलेलं विमान, ६२ वर्षं नोकरी करून रिटायर. मग प्रश्न सुरू झाले. एकजण म्हणे, "आता ह्या इमानायचं काय करतीन? आपल्या ग्रामपंचायतीले एखादं भेटन काय?" दुसरा म्हणे, "भंगारात देऊन टाका, अ‍ॅल्युमिनियमले चांगला भाव हाये." आणि तिसऱ्यानं एक रील टाकली, त्यात कुठल्यातरी तळ्यातून महायुद्धातलं विमान क्रेननं वर काढून राहिले, खाली लिहिलेलं की रिटायर लोकांनी फुकटात राबून ते परत उभं केलं. आणि त्याचाच सवाल, "हे खरं हाये का नुसती फेकाफेकी?"

खरं आहे. तळ्यातून काढलीत, बर्फाखालून काढलीत, दलदलीतून काढलीत. पण रीलमध्ये जे दिसतं, म्हणजे क्रेन, चिखल, टाळ्या, ते या सगळ्या कामाचं सोपं टोक आहे. खरी डोकेफोड त्याच्यानंतर चालू होते आणि ती इतकी हळू चालते की तिची रील कोणी काढत नाही. म्हणून म्हटलं बसून एकदा नीट लिहावं.

दुर्मिळ विमान आधी दुर्मिळ नव्हतंच

हे आधी डोक्यात बसलं की बाकीचं सोपं जातं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं लिबरेटर नावाचं चार इंजिनांचं बॉम्बर बनवलं, किती, तर १८ हजारांहून जास्त. आज जगात त्यातली पूर्ण अवस्थेतली मोजकीच उरलीत. ब्रिटिशांचं हॅलिफॅक्स ६ हजारांच्या वर बनलं. जर्मनीचं डॉर्नियर १७, दीड-दोन हजार तरी बनली असतील, आणि आज त्यातलं जवळजवळ पूर्ण म्हणावं असं एकच आहे, तेही समुद्राच्या तळातून काढलेलं.

गेली कुठं मग? लढाईत पडली ती पडली, पण बाकीची लढाई संपल्यावर मेली. युद्ध संपलं, हजारो विमानं मैदानांवर उभी, सरकारांना जागा पाहिजे, अ‍ॅल्युमिनियम पाहिजे, मग कापा आणि भट्टीत टाका. आणि त्या वेळी कोणालाही वाईट वाटलं नाही कारण प्रत्येकाला वाटे की एवढी आहेत, एखादं तर कोणीतरी ठेवलंच असेल. सगळ्यांना असंच वाटलं, म्हणून कोणीच ठेवलं नाही. माझं तर म्हणणं आहे की विमान दुर्मिळ होतं ते संख्येनं कमी बनलं म्हणून नाही, भरपूर बनलं म्हणून होतं. मिग-२१ आपण ८०० च्या वर वापरली, तेव्हा आजच्या "भंगारात द्या" वाल्या मेसेजकडं मी जरा वेगळ्या नजरेनं पाहतो.

हे गोऱ्या लोकांचे शौक नाहीत, आपण आधी केलंय

याच लिबरेटरची गोष्ट ऐका, अर्धी जगाला माहीत आहे आणि आपल्याला नाही. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटिशांच्या वायुसेनेकडं भारतात ही अमेरिकन विमानं होती. करार असा होता की ही उधारीवरची आहेत, युद्धानंतर परत करा नाहीतर मोडा. परत नेणं परवडेना, मग कानपूरच्या चकेरी तळावर ती ओळीनं उभी केली आणि मुद्दाम खराब केली. कुठं अंगावर बुलडोझर घातला, कुठं कॉकपिटमधले काटे-डायल फोडले, कुठं इंजिनात वाळू टाकली. हेतू हाच की परत कोणी वापरू नये.

१९४८ ला आपल्याला बॉम्बर पाहिजे होते आणि विकत देणारा पटकन कोणी नव्हता. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टनं, म्हणजे आताच्या एचएएलनं, माणसं कानपूरला पाठवली. याचा पंखा काढ, त्याचं इंजिन काढ, दहा मेलेल्यांतून दोन-चार जगव, असं करत त्यांनी ती जागेवरच उडण्यापुरती ठीक केली आणि जमशेद मुन्शी नावाच्या टेस्ट पायलटनं ती एकेक करून कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. तिथं मग पूर्ण ओव्हरहॉल. अशी चाळीसेक विमानं उभी राहिली, नोव्हेंबर १९४८ मध्ये ५ नंबरची स्क्वाड्रन त्यांच्यावर चालू झाली आणि १९६८ पर्यंत आपण ती वापरली. फोडून टाकलेली विमानं, वीस वर्षं!

आणि यातली गंमत पुढं आहे. बाकी देशांनी आपापली लिबरेटर कधीच वितळवून टाकली होती, त्यामुळं १९६८ नंतर जगभरच्या म्युझियमवाल्यांना चांगलं लिबरेटर पाहिजे असलं की ते भारताचं दार वाजवत. लंडनच्या आरएएफ, म्हणजे ब्रिटिश वायुसेनेच्या, म्युझियममधलं आपलं, अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनामधलं आपलं, कॅनडामधलंही आपलंच, त्याच्या बदल्यात कॅनडानं आपल्याला लायसँडर नावाचं जुनं विमान दिलं जे दिल्लीच्या पालम म्युझियममध्ये आहे. म्हणजे ज्या विमानांच्या इंजिनात वाळू टाकली होती तीच आज जगाची ठेव आहे. ते काम करणारे पगारी लोक होते, व्हॉलंटियर नव्हते, हे कबूल, पण काम तेच होतं.

विमान लोखंडाचं नसतं, ते सडतं वेगळं

विमानाचा पत्रा हा साधा अ‍ॅल्युमिनियम पण नसतो. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम मऊ, हातानं वाकतं. त्यात चारेक टक्के तांबं आणि थोडं मॅग्नेशियम-मँगनीज मिसळलं की जो मिश्रधातू होतो त्याला ड्युरॅल्युमिन म्हणतात. हलका आणि पुष्कळ मजबूत. पण तांबं आलं की मजबुतीसोबत गंजायची खोडही येते. लोखंड वरून तांबूस होऊन गंजतं, ते दिसतं तरी. ड्युरॅल्युमिन आतून, धातूच्या कणांच्या मधून गंजतं. वरून रंग छान, बोटानं दाबलं तर खाली पांढरी पावडर आणि पत्र्याचे पापुद्रे सुटलेले. त्यात जिथं स्टीलचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियमला टेकतो आणि मध्ये पाणी येतं तिथं दोन धातूंमध्ये बारीकसा करंट चालू होतो आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. मीठ असलं तर विचारूच नका.

म्हणून विमान कुठं पडलं यावर सगळं ठरतं. थंड गोड्या पाण्यात खोलवर असलं तर बरं टिकतं. नॉर्वेच्या म्योसा तळ्यात एप्रिल १९४५ मध्ये एक हॅलिफॅक्स पडलं, सव्वादोनशे मीटर खोल, ते १९९५ मध्ये बाहेर काढलं तेव्हा ओळखता येण्यासारखं होतं. खाऱ्या समुद्रात मात्र उलटं. ते डॉर्नियर जे म्हटलं, १९४० मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ पडलेलं, ते जून २०१३ मध्ये वर काढलं, आणि वर काढताच खरा धोका चालू झाला, कारण पत्र्यात मुरलेलं मीठ हवा लागली की दुप्पट जोरानं खायला लागतं. मग काय केलं, तर मोठाले प्लास्टिकचे बोगदे उभारले, अगदी आपल्याकडं पॉलिहाऊस असतात तसेच, आणि त्यात ते विमान ठेवून त्याच्यावर सायट्रिक अ‍ॅसिडच्या, म्हणजे लिंबाच्या सताच्या, पातळ पाण्याचा फवारा चालू ठेवला. महिने न महिने. पॉलिश नाही, रंग नाही, फक्त मीठ बाहेर काढणं.

तर या कामाचा पहिला नियम आपल्या सवयीच्या एकदम उलटा आहे. सापडलं की धुवायचं नाही, घासायचं नाही, हलवायचं नाही. आधी फोटो, मापं, कोणता तुकडा कुठं होता त्याची नोंद. आपल्या लोकांना तेवढंच जमत नाही, सापडली वस्तू की आधी घे ब्रश.

बाहेर काढलं म्हणजे वाचलं असं नाही

दोन गोष्टी सांगतो, दोन्ही ग्रीनलंडच्या.

पहिली. १५ जुलै १९४२ ला अमेरिकेची सहा पी-३८ फायटर आणि दोन बॉम्बर खराब हवामानात तिथल्या बर्फावर उतरली. माणसं वाचली, विमानं सोडून दिली. वर दरवर्षी बर्फ साचत गेला. पन्नास वर्षांनी त्यातल्या एका पी-३८ पर्यंत पोचायला ८२ मीटर बर्फ वितळवत खाली जावं लागलं, गरम पाण्याच्या यंत्रानं भोक पाडून. खाली माणूस उतरवून विमान तिथंच सुटं केलं आणि तुकड्या-तुकड्यानं वर आणलं. ही १९९२ ची गोष्ट. ते परत उडालं ऑक्टोबर २००२ मध्ये.

दुसरी. १९४७ च्या फेब्रुवारीत एक बी-२९, प्रचंड मोठं बॉम्बर, ग्रीनलंडच्याच उत्तरेला एका गोठलेल्या तळ्यावर उतरलं. थंडी अशी की सडायचा प्रश्नच नाही, जवळजवळ जसंच्या तसं. १९९४ मध्ये एक टीम तिथं गेली, त्या उजाड जागी नवी इंजिनं, नवे पंखे, नवे टायर बसवले. त्यांचा मुख्य मेकॅनिक तिथं आजारी पडला आणि गेला. पुढच्या वर्षी बाकीचे परत गेले, २१ मे १९९५ ला इंजिनं चालू केली, विमान बर्फावर चालायला लागलं, आणि मागच्या बाजूला एका छोट्या जनरेटरची जुगाडानं बसवलेली पेट्रोलची टाकी गळली. आग. जे विमान ४८ वर्षं बर्फात टिकलं ते त्या एका आगीत गेलं.

मला यातलं दुसरं प्रकरण जास्त शिकवणारं वाटतं. घाई आणि जुगाड या दोन गोष्टींना तिथं जागा नाही, आणि आपला तर अर्धा जीव जुगाडात असतो.

मग दुरुस्ती म्हणजे काय, इंजिन बांधलं की झालं?

इथं ट्रॅक्टरचं उदाहरण घेऊ. घरी गोठ्याजवळ बापाच्या वेळचा एचएमटी उभा आहे असं समजा. मिस्त्रीला बोलावलं, डिझेलची लाइन साफ केली, नोझल बदलले, बॅटरी टाकली, एखादा पार्ट दुसऱ्या कंपनीचा घासून बसवला, तर तो चालतो. वावरात बंद पडला तर खाली उतरून शिव्या घालायच्या आणि तालुक्याला फोन करायचा. विमान तीन हजार फुटांवर बंद पडलं तर खाली उतरता येत नाही. बस, सगळा फरक एवढ्यात आला. म्हणून ट्रॅक्टरला पार्ट बसला की झालं, विमानाला पार्ट बसून भागत नाही, तो कोणत्या धातूचा, कोणी बनवला, कोणी तपासला याचा कागद लागतो. कागद नाही तर तो पार्ट नाही, मग तो कितीही चकाचक असो.

त्यामुळं टीमला सर्वात आधी ठरवावं लागतं की जायचं कुठपर्यंत. काही जण आहे तसंच जपतात, फाटलेला पत्रा फाटलेलाच, फक्त सडणं थांबवायचं. डॉर्नियरचं तसंच आहे. काही जण बघायला पूर्ण करतात पण इंजिन चालत नाही, त्या हॅलिफॅक्सचं कॅनडातल्या लोकांनी दहा वर्षं राबून तसं केलं, १९९५ ला काढलं, २००५ ला पूर्ण. काही जण इंजिन चालू करतात, जमिनीवर फिरवतात पण उडवत नाहीत. आणि शेवटी उडवणारे. प्रत्येक पायरीला खर्च आणि वर्षं नुसती वाढत नाहीत, कित्येक पटीनं वाढतात.

आणि व्हॉलंटियरचा वेळ जातो कुठं? रिव्हेटमध्ये. विमानाचा पत्रा वेल्डिंगनं नाही, रिव्हेटनं जोडतात, मोठ्या विमानात लाखोंनी असतात. जुनी रिव्हेट काढायची म्हणजे तिच्या डोक्यावर बरोब्बर मध्ये ड्रिल, इकडं-तिकडं सरकलं की भोक मोठं झालं आणि तो पत्रा गेला. नवी बसवायला दोन माणसं लागतात, एक बाहेरून रिव्हेट गन लावतो, दुसरा आतून लोखंडाचा ठोकळा धरतो, आणि आतला माणूस पंखाच्या पोकळीत छातीवर झोपून, एका हातात टॉर्च घेऊन. दोघं एकमेकांना दिसत नाहीत, टकटक करून इशारे. त्यात काही रिव्हेट अशा धातूच्या की भट्टीत तापवून थंड केल्या की थोड्या वेळातच कडक होतात, म्हणून त्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या आणि काढल्या की मिनिटांत ठोकायच्या. तुमच्या आयटीआयमध्ये शीट मेटलचा कोर्स केलेला कोणी असेल त्याला विचारा, तो सांगेल एक ओळ सरळ यायला किती हात बसावा लागतो.

सगळंच नवीन टाकलं तर ते जुनं कसं?

हा प्रश्न मला पण पडायचा आणि खरं सांगायचं तर याच्यावर त्या लाइनमधले लोक पण भांडतात. उडणाऱ्या जुन्या फायटरमध्ये पंखाचा मुख्य आडवा कणा, ज्याला स्पार म्हणतात, तो बहुतेक वेळा नवाच बनवलेला असतो, कारण ऐंशी वर्षांच्या धातूवर माणूस बसवणं मूर्खपणा आहे. पत्राही बराच नवा. मग जुनं काय राहिलं? विमानावर एक छोटी पाटी असते, नंबर-कारखाना-वर्ष लिहिलेली, त्याला डेटा प्लेट म्हणतात. काही विमानं अशी आहेत की पाटी जुनी आणि बाकी जवळजवळ सगळं नवं, आणि ती खुशाल "मूळ" म्हणून विकली जातात. मला ते पटत नाही. पण कारखान्याच्या मूळ ड्रॉइंगवरून, मूळ मापानं, त्याच पद्धतीनं बनवलेला भाग जिथं लागला तिथं नवा आणि कोणता नवा आहे हे लिहून ठेवलेलं, याला माझी हरकत नाही. लपवलं तर फसवणूक, लिहिलं तर दुरुस्ती.

आपल्या वायुसेनेचं डकोटा घ्या. दोन इंजिनांचं जुनं मालवाहू विमान, १९४४ चं. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते विकत घेऊन इंग्लंडमध्ये दुरुस्त करून घेतलं आणि वायुसेनेला भेट दिलं, त्यांचे वडील वायुसेनेत डकोटा उडवायचे. नाव ठेवलं परशुराम. एप्रिल २०१८ मध्ये ते इंग्लंडहून स्वतःच्या इंजिनांवर, टप्पे घेत घेत, जामनगरला आलं. त्याच्या शेपटीवर नंबर आहे व्हीपी ९०५. हा नंबर मुळात दुसऱ्या डकोटाचा, ज्यानं २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरवले होते. म्हणजे हे ते विमान नाही, त्याची आठवण म्हणून नंबर लावलाय, आणि वायुसेना ते उघडपणे सांगते. असं स्वच्छ ठेवलं की वाद राहत नाही.

उडवणाऱ्यांची आणखी एक अडचण

ब्रिटनचं व्हल्कन नावाचं मोठं जेट बॉम्बर, त्रिकोणी, लोकवर्गणी आणि लॉटरी फंडाच्या पैशांतून दुरुस्त झालं आणि ऑक्टोबर २००७ मध्ये परत उडालं. लोक रडले म्हणतात. आठ वर्षं उडालं आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये थांबलं. मोडलं नव्हतं. ज्या कंपन्या त्याच्या तांत्रिक बाजूची जबाबदारी घेत होत्या त्यांनी सांगितलं की इतक्या जुन्या डिझाइनवर सही करू शकणारे लोक आता आमच्याकडं उरत नाहीत. विमान धडधाकट, पण सही करणारा माणूस संपला. हे ऐकून ट्रॅक्टरवाल्या मिस्त्रीची आठवण येते, तो गेला की त्याच्यासोबत अर्ध्या गावाची यंत्रं बंद पडतात.

वावरात विमान सापडलं तर आपलं का?

नाही हो. आधी हे डोक्यातून काढा. सैन्याचं विमान पडलं म्हणून सोडलं असं होत नाही, मालकी बहुतेक त्या देशाच्या सरकारचीच राहते. अमेरिकेचा २००४ चा कायदा तर स्पष्ट सांगतो की बुडालेलं लष्करी विमान कितीही जुनं असो, परवानगीशिवाय हात लावायचा नाही. ब्रिटनचा १९८६ चा कायदा तसाच. पापुआ न्यू गिनीच्या दलदलीत १९४२ मध्ये उतरलेलं एक बी-१७ बॉम्बर अमेरिकन लोकांनी २००६ मध्ये उचललं तर ते नेऊ द्यायचं की नाही यावर तिथं मोठा वाद झाला होता.

आपल्याकडं एक विचित्र जागा आहे. १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा साधारण १०० वर्षं जुन्या वस्तूला पुरातन मानतो. म्हणजे १९४३ चं विमान त्यात अजून बसतच नाही, शंभर पूर्ण व्हायला वेळ आहे. आणि १८७८ चा गुप्तधनाचा कायदा म्हणतो की जमिनीत पुरलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवा. विमानाला तो नेमका कसा लावायचा हे वकील सांगतील, पण तहसीलदाराकडं कळवणं यात कोणाचंच नुकसान नाही.

आणि त्याहून मोठी गोष्ट, त्यात माणसं असू शकतात. १९६८ मध्ये हिमाचलच्या बर्फात हरवलेल्या आपल्या एएन-१२ विमानात १०२ जण होते, अवशेष २००३ मध्ये दिसायला लागले आणि २०२४ मध्ये सुद्धा चार जणांचे देह मिळाले. इतक्या वर्षांनी घरच्यांना निरोप मिळाला. तिथं कोणी आठवण म्हणून एखादा तुकडा खिशात घातला असता तर शोधणाऱ्यांचा धागाच तुटला असता.

धोका तर आहेच. जुन्या डायलवर अंधारात चमकायला रेडियमचा रंग असायचा, चमक जाते पण रेडियमची किरणं जात नाहीत, डायल फोडून ती पावडर श्वासात गेली तर वाईट. जेटच्या इजेक्शन सीटखाली बारूद असतो. गोळ्या-बॉम्ब असू शकतात. पुलगावकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, २०१८ मध्ये तिथल्या सैन्याच्या दारूगोळा डेपोजवळ जुना दारूगोळा नष्ट करतानाच स्फोट होऊन आपली माणसं गेली.

आणि हो, "आमच्याकडं इंग्रजांनी विमानं पुरून ठेवली आहेत" ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक जुन्या धावपट्टीजवळ ऐकायला मिळते. म्यानमारमध्ये हीच गोष्ट खरी मानून पुरलेली स्पिटफायर, म्हणजे ब्रिटिशांची फायटर विमानं, शोधायला २०१३ मध्ये मोठी टीम खणायला गेली, पैसे गेम बनवणाऱ्या एका कंपनीनं दिले. एकही सापडलं नाही.

एवढा पैसा भंगारावर? शाळेला द्या ना

हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण कापसाला भाव नाही अशा वर्षी हे सगळं वाचणाऱ्याला तो येणारच. सरकारी पैसा असेल तर मी पण म्हणेन की आधी शाळेचं छप्पर. पण यातलं बरंच काम पैशानं होतच नाही. जगभर हे करणारे म्हणजे रिटायर फिटर, शिक्षक, बसचे मेकॅनिक, रविवारी डबा घेऊन येणारे. आणि त्यांच्या हाताखाली पोरं शिकतात. नवीन विमानाच्या कारखान्यात शिकाऊ पोराला कोणी स्पारला हात लावू देत नाही, जुन्या विमानावर देतात. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगनं बांधलेलं विमान दुरुस्ती केंद्र आहे, तिथं नोकरीला जाणाऱ्या आपल्या पोरांनी आधी एखाद्या मेलेल्या विमानाचा पंख उघडून पाहिला असता तर वाईट काय झालं असतं?

चौकातल्या विमानाचं काय

ग्रामपंचायतीला, कॉलेजला रिटायर विमान मिळू शकतं, वायुसेना देते, पण फुकट मिळालं म्हणून ते फुकटात सांभाळलं जात नाही. सिमेंटच्या खांबावर चढवलं, उद्घाटन झालं, आमदारांचा फोटो झाला, मग पाच वर्षांनी जाऊन पाहा. आपल्याकडं उन्हाळ्यात ४५-४७ अंश, मग चार महिने पाऊस. काच पिवळी पडून तडकते, रबर संपतं. विमानाच्या पोटाखाली पाणी निघायला बारीक भोकं असतात, ती चिमण्यांच्या काड्या आणि गांधीलमाशीच्या मातीनं बुजतात, आणि आत साचलेलं पाणी तोच पापुद्रे सुटायचा खेळ चालू करतं. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी ती भोकं एका तारेनं मोकळी केली तरी विमानाचं आयुष्य कितीतरी वाढतं. खर्च शून्य.

आणि कृपा करून १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी त्याला कंपाउंडला मारतात तो ऑइल पेंट मारू नका. विमानाच्या अंगावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, इथं जॅक लावा, इथं पाय देऊ नका, हा नंबर, तो नंबर. तीच त्याची ओळख. एकदा रंगाखाली गेली की गेली.

आपल्याकडं कुठून सुरू करता येईल

विमानापासून नाही, कागदापासून. विदर्भाकडं उडणारं जुनं विमान नाही पण माणसं आणि कागद भरपूर आहेत. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपूरला, तिथून रिटायर झालेले टेक्निशियन हिंगण्यापासून काटोलपर्यंत घरं बांधून राहतात. आणि त्याच्याही आधीची गोष्ट, १९४९ पासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर रोज मध्यरात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारही बाजूंनी टपालाची विमानं यायची, पोती अदलाबदल करायची आणि पहाटेच्या आत परत जायची. सुरुवातीला ती डकोटाच. देशाची पत्रं रात्रीतून आपल्या इथं फिरायची राजेहो, आणि आपल्या पोरांना ते माहीत नाही. त्या काळी तिथं हमाली केलेले, इंजिन पुसलेले, तेल भरलेले लोक आता फार थोडे असतील, पण त्यांच्या घरी ट्रंकेत मॅन्युअल असतं, ड्युटीची वही असते, विमानासमोर उभं राहून काढलेला फोटो असतो.

जगात कुठंतरी कोणीतरी टीम एखाद्या डकोटाच्या दाराचं कुलूप कसं होतं ते शोधत असते आणि ते तुमच्या काकांच्या फोटोत मागं दिसत असतं. असा कागद घरी असेल तर फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद काही वर्षांत कागद खातो. उन्हात ठेवून वाळवू नका. मोबाईलनं फोटो काढा, एका पानाचा एक, मागची बाजू पण काढा कारण तारीख आणि नावं बहुतेक मागं पेन्सिलनं लिहिलेली असतात. आणि ग्रुपवर टाकताना फोटो म्हणून टाकू नका, डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप त्याला दाबून इतकं लहान करतं की पार्ट नंबर वाचताच येत नाही.